रेशमाचा पृष्ठभाग : कथिलापासून प्लाझ्मापर्यंत

रेशमाचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे उभे राहतात ते व्यापारी मार्ग, राजदरबारांतील पोशाख आणि चीनबाहेर गुप्तपणे नेलेल्या अंड्यांच्या आख्यायिका. त्या मानाने तंतूवर करावयाच्या प्रक्रियांचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. रंगारी, धुणारे व खळ देणारे कारागीर यांनी आपली विद्या लिहून ठेवली नाही आणि ज्यांनी लिहून ठेवली त्यांनी ती व्यापारी गुपित म्हणून जपली. वस्तुतः ग्राहक रेशीम पारखतो ते त्याच्या पृष्ठभागावरून. चकाकी, हाताला जाणवणारा मऊपणा, घडी उलगडताना होणारी सळसळ, पाण्याचा थेंब पडला असता उमटणारा किंवा न उमटणारा डाग, ही सारी लक्षणे तंतूच्या अगदी वरच्या थराशी निगडित आहेत. या वरच्या थरावर गेल्या सुमारे दीडशे वर्षांत जे प्रयोग झाले त्यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे. त्यांच्या एका टोकाला कथिलाचे क्षार आहेत, तर दुसऱ्या टोकाला विरल वायूतील विद्युत् विसर्जन, म्हणजेच प्लाझ्मा. या दोहोंना एकच प्रश्न विचारावा असे आम्हांस वाटते : पृष्ठभागासाठी म्हणून केलेली प्रक्रिया तंतूच्या गाभ्यात किती खोल जाते, आणि तिचे परिणाम किती काळाने प्रकट होतात?

प्रथम तंतूच्या रचनेविषयी थोडेसे सांगणे अवश्य आहे. तुतीच्या पाल्यावर वाढणारा बाँबिक्स मोरी हा किडा ज्या धाग्याने कोश विणतो तो धागा एकेरी नसतो. किड्याच्या दोन ग्रंथींमधून फायब्रॉइन या प्रथिनाचे दोन तंतू एकाच वेळी बाहेर पडतात आणि सेरिसीन या डिंकासारख्या दुसऱ्या प्रथिनाच्या वेष्टनाने ते एकमेकांस चिकटून राहतात. कच्च्या रेशमाच्या वजनात सेरिसिनाचा वाटा सामान्यतः शेकडा 20 ते 30 असतो. फायब्रॉइनमध्ये ग्लायसीन, अ‍ॅलॅनीन व सेरीन ही तीन अ‍ॅमिनो अम्ले मिळून चार-पंचमांशांहून अधिक आहेत. या अम्लांचे पार्श्वगट आकाराने लहान असल्यामुळे प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींशेजारी दाटीने बसतात व तंतूला त्याचे सुप्रसिद्ध बळ प्राप्त होते. डिंक काढून टाकल्यावर उरणारा तंतू दहा-बारा मायक्रॉन जाडीचा, साधारण त्रिकोणी छेदाचा व अतिशय गुळगुळीत असतो. लोकरीप्रमाणे त्यावर खवले नसतात. प्रकाश त्याच्या सपाट बाजूंवरून परावर्तित होतो म्हणून रेशीम चमकते.

ही चमक कच्च्या रेशमात दिसत नाही. सेरिसिनाचे वेष्टन उतरविल्यावरच ती बाहेर येते. यास्तव डिंक काढणे हा रेशमाच्या पृष्ठभागात माणसाने केलेला पहिला आणि सर्वांत मोठा फेरफार होय. युरोपात त्यासाठी ऑलिव्हच्या तेलापासून केलेल्या साबणाच्या पाण्यात लडी उकळीत, तर आपल्याकडे क्षारयुक्त पाणी व रिठे यांचा उपयोग करीत. दोन्ही ठिकाणी तत्त्व एकच : सेरिसीन उष्ण अल्कधर्मी पाण्यात विरघळते, फायब्रॉइन सहजासहजी विरघळत नाही. मात्र ही लक्ष्मणरेषा फार पक्की नाही. उकळणे लांबले किंवा क्षार तीव्र झाला, तर तंतूचा गाभाही दुबळा होतो. जुन्या रंगाऱ्यांचे कसब मुख्यतः हात केव्हा आवरावयाचा हे ओळखण्यात होते.

टसरच्या बाबतीत हे कसब पुरेसे पडले नाही. विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या भागांतील जंगलांत ऐन व अर्जुन या वृक्षांवर जो कोश मिळतो तो अँथेरिया मायलिटा या किड्याचा. त्याचे कवच कठीण असते, तंतू तुतीच्या रेशमापेक्षा जाड व फितीसारखा चपटा असतो आणि त्याचा मूळचा मधासारखा पिंगट रंग सहजी जात नाही. रंग न जाणे आणि नवा रंग न चढणे, या दोन अडचणींमुळे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपच्या बाजारात टसरला फारशी प्रतिष्ठा नव्हती. इंग्लंडमधील लीक या गावचे रंगारी टॉमस वॉर्डल (1831–1909) यांनी हिंदुस्थानातील वन्य रेशमांच्या विरंजनाचा व रंगाईचा दीर्घकाळ अभ्यास केला. 1878 च्या पॅरिस येथील प्रदर्शनात त्यांनी रंगविलेले टसर मांडले आणि 1881 मध्ये वन्य रेशमांच्या संग्रहाचे मार्गदर्शक पुस्तक प्रसिद्ध केले. विल्यम मॉरिस याने वनस्पतिज रंगांचे प्रयोग केले ते वॉर्डल यांच्याच रंगशाळेत. टसर रंगविता येत नाही ही समजूत वॉर्डल यांनी मोडून काढली हे खरे; पण त्यांचा उपाय रसायनांच्या कुंडातला होता, आणि कुंडातले पाणी तंतूच्या पृष्ठभागाशी थांबत नाही.

येथे एक लहानसे विषयांतर करावयास हरकत नाही. रेशमी वस्त्र चुरगळले असता जो कुरकुर आवाज होतो तो आपण रेशमाचा जातिवंत गुण समजतो. सोवळ्याच्या मुकट्याची वा पैठणीची सळसळ ही तर शुद्धतेची खूणच मानली जाते. परंतु साबणाने धुऊन नुसत्या पाण्यात खळबळलेल्या रेशमाला हा आवाज जवळजवळ नसतो. शेवटी सौम्य अ‍ॅसिटिक वा टार्टारिक अम्लाच्या पाण्यातून लडी काढली, की तंतूंच्या पृष्ठभागांमधील घर्षण बदलते आणि आवाज येऊ लागतो. म्हणजे ज्याला आपण उपजत गुण समजतो तो रंगशाळेत शेवटच्या घटकेस दिलेला संस्कार आहे. तो अल्कधर्मी धुलाईने पुसला जातो आणि तंतूला त्याची इजा होत नाही. निरुपद्रवी पृष्ठसंस्कार कसा असावा याचे हे फार चांगले उदाहरण आहे. खळीचेही तसेच. ती कापडाला ताठपणा देते व पाण्याबरोबर निघून जाते.

कथिलाची गोष्ट वेगळी आहे. तिचे मूळ सौंदर्यदृष्टीत नसून तराजूत आहे. व्यापारी कच्चे रेशीम वजनावर विकत घेत असे. डिंक काढल्यावर सोळा औंसांचे सुमारे बारा औंस उरत. गेलेला चतुर्थांश भरून काढण्याची इच्छा व्यापाऱ्यास व्हावी हे स्वाभाविक होते, आणि रेशमाची एक नैसर्गिक शक्ती त्याच्या मदतीला आली. फायब्रॉइन धातूंचे क्षार व टॅनिन मोठ्या प्रमाणात शोषून घेते. काळ्या रेशमाच्या रंगाईत मायफळासारख्या टॅनिनयुक्त द्रव्यांचा व लोहक्षारांचा उपयोग पूर्वीपासून होत होताच. त्यामुळे रंगाबरोबर वजनही वाढते हे रंगाऱ्यांना ठाऊक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लियाँ, क्रेफेल्ड व बाझल या रेशमाच्या नगरांत या ज्ञानाचे पद्धतशीर उद्योगात रूपांतर झाले. काळे रेशीम मूळ वजनाच्या दुपटी-तिपटीपर्यंत नेले जाऊ लागले.

फिकट रंगांसाठी लोह चालत नसे, कारण ते तंतूला काळवंडते. ही उणीव कथिलाने भरून काढली. 1890 नंतरच्या दशकात रूढ झालेली कथिल-फॉस्फेट-सिलिकेट पद्धत थोडक्यात अशी होती : लडी स्टॅनिक क्लोराइडच्या आम्ल द्रावणात बुडवावयाच्या, पाण्याने धुवावयाच्या, मग सोडियम फॉस्फेटच्या उष्ण द्रावणातून काढावयाच्या. धुताना क्लोराइडचे विघटन होऊन कथिलाचे हायड्रॉक्साइड तंतूच्या आत बसते आणि फॉस्फेट त्याला तेथेच अविद्राव्य करून टाकते. हा फेरा पुनःपुन्हा करावयाचा. प्रत्येक फेऱ्याबरोबर वजन चढते. शेवटी सोडियम सिलिकेटचे पाणी दिले की काम पुरे. या सर्व खटाटोपातून बाहेर पडलेले रेशीम चकाकीत कमी नसे. उलट ते अधिक भरीव वाटे, त्याच्या चुण्या डौलाने पडत आणि ग्राहकाला ते भारी रेशीम म्हणून आवडे. तंतूची जाडी वाढलेली असे, आणि तीही प्रथिनाने नव्हे तर खनिजाने.

या प्रक्रियेला निव्वळ लबाडी म्हणून निकालात काढणे इतिहासास धरून होणार नाही. वजन पूर्ववत करण्यापुरते कथिल वापरणाऱ्या रंगाऱ्यास आपण ग्राहकाला हवे तसे कापड देत आहोत असेच वाटे, आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांना रेशमी कापड परवडू लागले याला या प्रक्रियेचाही हातभार होता. दोष होता तो दोन ठिकाणी. एक, मर्यादा कोणी पाळली नाही. दुसरे, परिणाम विक्रीच्या दिवशी दिसत नव्हता. कथिलाने भरलेला तंतू प्रकाशात जलद दुबळा होतो. घामातील मिठाचाही त्यावर अनिष्ट परिणाम होतो. कथिलाचे स्फटिकवत् कण आतून ताण देतात, आणि तंतू घडीच्या रेषेवर तुटू लागतो. युरोप-अमेरिकेतील वस्तुसंग्रहालयांत 1870 ते 1930 या काळातील असंख्य रेशमी पोशाख आज उभ्या-आडव्या चिरांनी फाटलेल्या अवस्थेत आहेत. त्यांच्याहून शे-दोनशे वर्षे जुनी, वजन न चढविलेली वस्त्रे मात्र पुष्कळदा हाती धरण्याजोगी राहिली आहेत. जतन करणाऱ्यांना या चिरलेल्या कापडांवर फारसा उपाय करता येत नाही. ती तलम आधारवस्त्रावर अलगद बसविणे आणि प्रकाशापासून दूर ठेवणे एवढेच त्यांच्या हाती उरते.

कायद्याला जाग आली ती उशिरा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1938 मध्ये रेशीम उद्योगासाठी जे नियम केले, त्यांनुसार शेकडा 10 हून अधिक, व काळ्या रेशमाच्या बाबतीत शेकडा 15 हून अधिक, वजन चढविलेल्या मालावर तसा उल्लेख करणे आवश्यक ठरले. त्यानंतर थोड्याच काळात प्रश्नाचे स्वरूपच पालटले. 1940 मध्ये नायलॉनचे मोजे बाजारात आले, 1941 मध्ये जपानवरील आर्थिक निर्बंधांमुळे अमेरिकेतील जपानी रेशमाची आवक थांबली, आणि महायुद्धानंतर रेशमाचे स्थान पूर्वीसारखे राहिले नाही. कथिलाचा अंमल संपला, तो पश्चात्तापामुळे संपला असे म्हणता येत नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे वळावयाचे. त्याचा प्रारंभ रंगशाळेत नसून भौतिकीच्या प्रयोगशाळेत आहे, आणि दीर्घकाळ या दोहोंची गाठ पडली नव्हती. विरल वायूतून वीज नेली असता जो प्रकाश उत्पन्न होतो त्यातील एक अंधारी पट्टी मायकेल फॅरडे यांनी 1838 मध्ये नोंदविली. 1857 मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी काचेच्या अडसरातून विद्युत् विसर्जन घडवून ओझोन तयार करण्याची नळी बनविली. ही नळी पुढच्या कथेत पुन्हा येणार आहे. 1879 मध्ये विल्यम क्रुक्स यांनी शेफील्ड येथील व्याख्यानात विरल वायूतील या अवस्थेला 'तेजोमय द्रव्य' अशा अर्थाचे नाव देऊन तिची गणना घन, द्रव व वायू यांच्या पलीकडील चौथ्या अवस्थेत केली. 'प्लाझ्मा' ही संज्ञा मात्र 1928 मध्ये अर्व्हिंग लँगम्यूर यांनी दिली. मराठीत तिच्यासाठी 'आयनद्रायू' असा शब्द सुचविला गेला आहे. तो अर्थवाही असला तरी या लेखात रूढ शब्दच वापरला आहे.

या क्षेत्रात भारतीय वाचकाला आठवणारे नाव मेघनाद साहा यांचे. तापमान व दाब दिला असता वायूचा किती अंश आयनीभूत होईल हे सांगणारे त्यांचे समीकरण 1920 मध्ये प्रसिद्ध झाले आणि ताऱ्यांच्या वर्णपटांचा अर्थ त्यामुळे उलगडला. परंतु साहांचे समीकरण औष्णिक समतोलात असलेल्या वायूला लागू पडते आणि रेशमाच्या कामी येणारा प्लाझ्मा नेमका समतोलात नसतो. त्यातील इलेक्ट्रॉन काही इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेचे, म्हणजे तापमानाच्या भाषेत दशसहस्रावधी अंशांचे असतात, तर रेणू व आयन खोलीच्या तापमानाच्या आसपास राहतात. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान इतके अल्प आहे की टकरीत तो आपली उष्णता जड रेणूला फारशी देऊ शकत नाही. म्हणूनच ताऱ्याच्या जातीच्या या द्रव्यात रेशमाचा तुकडा ठेवला तरी तो जळत नाही. जे घडते ते तंतूच्या वरच्या थरात. तेथील काही बंध तुटतात, सूक्ष्म झीज होते, ऑक्सिजन असल्यास हायड्रॉक्सिल, कार्बोनिल व कार्बॉक्सिल यांसारखे जलप्रिय गट जोडले जातात, फ्लुओरीनयुक्त वायू असल्यास जलविरोधी गट बसतात. रासायनिक बदल सामान्यतः काही नॅनोमीटर, फार तर काही दशक नॅनोमीटर खोलीपर्यंत पोहोचतो. दहा मायक्रॉन जाडीच्या तंतूत हे प्रमाण किती अल्प आहे ते वाचकांनी ताडून पाहावे. कथिलाच्या कुंडाशी तुलना करावयाची तर फरक येथेच आहे.

हे सर्व रेशमावर प्रथम घडले नाही. 1966 मध्ये बेल प्रयोगशाळेतील हॅन्सन व शॉनहॉर्न यांनी निष्क्रिय वायूंच्या उत्तेजित कणांनी प्लॅस्टिकांचा पृष्ठभाग बदलून ती चिकटण्याजोगी करता येतात हे दाखविले. त्याच सुमारास लोकरीवर विद्युत् विसर्जनाचे प्रयोग सुरू झाले होते, आणि 1970 नंतर अमेरिकन कृषिखात्याच्या कॅलिफोर्नियातील प्रयोगशाळेतून लोकर न आटण्यासाठी प्लाझ्मा वापरण्याविषयीचे निबंध प्रसिद्ध झाले. लोकरीला अग्रक्रम का मिळाला याचे कारण उघड आहे. लोकरीला एक निश्चित व्याधी होती : खवल्यांमुळे ती धुताना आटते. त्या व्याधीवरचा रूढ उपाय क्लोरिनचा, आणि त्याने पाणी दूषित होते. रेशमाला अशी एक ठळक व्याधी नव्हती. त्याच्या तक्रारी अनेक व किरकोळ होत्या : पाण्याचे डाग, चुरगळणे, पिवळेपणा, काही रंग नीट न चढणे. उद्योगाला एक मोठे दुखणे असले की संशोधनाला पैसा मिळतो, दहा लहान दुखण्यांना मिळत नाही.

या पार्श्वभूमीवर 1985 मध्ये 'जर्नल ऑफ अप्लाइड पॉलिमर सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला नाडिगेर व भट यांचा निबंध विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाशी (स्थापना 1933, आजची रसायन तंत्रज्ञान संस्था) निगडित असलेल्या या कामाचा विषय होता तुतीच्या रेशमाची संरचना व वस्त्रोपयोगी गुणधर्म यांवर प्लाझ्माचा होणारा परिणाम. शीर्षकातील 'संरचना' हा शब्द आम्हांस महत्त्वाचा वाटतो. पृष्ठभाग सुधारला की नाही एवढेच पाहून न थांबता गाभ्याचे काय झाले हे विचारण्याची दृष्टी त्यात आहे. कथिलाच्या काळात रंगाऱ्यांनी हाच प्रश्न विचारला असता, तर कित्येक पोशाख आज शाबूत दिसले असते.

पुढच्या काळात रेशमावरील कामाचा ओघ वाढला. मिलानमधील संशोधकांनी 2001 मध्ये आणि थायलंडमधील चिआंग माई येथील गटाने 2005 मध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड या वायूच्या प्लाझ्माने रेशमावर पाणी न ठरू देण्याचे प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या कापडात पाण्याचा थेंब क्षणात शिरत असे त्यावर तो मण्यासारखा उभा राहू लागला. थेंबाचा पृष्ठभागाशी होणारा स्पर्शकोन मोजणे हे या संशोधनाचे मुख्य माप. त्याचा पाया टॉमस यंग यांनी 1805 मध्येच घातला होता. चीनमधील सूचौ येथून 2008 मध्ये डिंक काढण्यापूर्वी प्लाझ्मा देण्याविषयीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो यशस्वी ठरला, तर साबण, क्षार व तापलेले पाणी यांची बचत होईल, आणि सेरिसीनयुक्त सांडपाण्याने ओढे-नाले नासतात त्यालाही आळा बसेल.

भारतात गांधीनगरजवळील प्लाझ्मा संशोधन संस्थेने (1986) उद्योगोपयोगी प्लाझ्मासाठी 1997 मध्ये वेगळे केंद्र उघडले. तेथील वस्त्रविषयक कामांत अंगोरा सशाच्या लोकरीवरील काम विशेष नावाजले. ती लोकर इतकी निसरडी की तिचे निर्भेळ सूत कातणे कठीण. प्लाझ्माने तंतूंमधील घर्षण वाढविले आणि कातणे सुकर झाले. जुन्या रंगाऱ्याने अम्लाच्या पाण्याने रेशमात सळसळ आणली तोही घर्षणातलाच फेरफार होता.

असे असूनही हातमागाच्या गावांत प्लाझ्माचे यंत्र अद्याप दिसत नाही. पहिली अडचण निर्वात पेटीची. कापड पेटीत घालावयाचे, हवा काढावयाची, वायू सोडावयाचा, पुन्हा पेटी उघडावयाची, असे हे थांबत-थांबत चालणारे काम आहे. वातावरणाच्या दाबावर, सीमेन्सच्या नळीसारख्या अडसरी विसर्जनाने सलग कापड काढता येते, पण त्यात ठिणगीच्या सूक्ष्म रेषा पडून परिणाम विषम होतो. टोकियोतील सोफिया विद्यापीठातील संशोधकांनी 1988 मध्ये हेलियमच्या साहाय्याने वातावरणीय दाबावर स्थिर प्रभा मिळविली. हेलियम मात्र महाग. ज्या विणकराच्या घरात मागाची दुरुस्तीही पुढच्या हंगामावर ढकलली जाते, त्याला या चर्चेचा उपयोग नाही. सामायिक केंद्र उभारूनच हे काम होऊ शकेल.

दुसरी अडचण अधिक मूलगामी आहे. प्लाझ्मा कोरडा आहे, पाणी वापरत नाही, म्हणून तो 'स्वच्छ' समजला जातो. परंतु सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू, शंभर वर्षांच्या हिशेबाने, वजनास वजन धरता कार्बन डायॉक्साइडच्या वीस हजारपटींहून अधिक उष्णता वातावरणात कोंडून ठेवतो. 1997 च्या क्योटो करारात ज्या सहा वायूंची वा वायुगटांची नोंद झाली त्यांत तो होता. पेटीतून बाहेर जाणारा वायू पकडून त्याचे विघटन केले नाही, तर एका साडीवरचा पाण्याचा डाग टाळण्यासाठी फार मोठी किंमत मोजल्यासारखे होईल. आमच्या मते रेशमाच्या जलरोधनासाठी या वायूचा मार्ग सोडून द्यावा. फ्लुओरीनविरहित सिलिकॉन-संयुगांचे पातळ लेप प्लाझ्मानेच बसविता येतात. ते आधी तपासून पाहणे उचित.

तिसरा मुद्दा काळाचा. ऑक्सिजनच्या प्लाझ्माने जलप्रिय केलेला बहुवारिकांचा पृष्ठभाग साठवणीत हळूहळू पूर्वपदावर येऊ लागतो. वरचे गट आतल्या बाजूस वळतात, हवेतील तेलकट अंश पृष्ठभागावर बसतो आणि आज मिळालेला स्पर्शकोन काही आठवड्यांनी मिळत नाही. म्हणून रंगविण्यापूर्वी प्लाझ्मा द्यावयाचा असेल तर दोहोंमध्ये फार दिवस जाऊ न देणे श्रेयस्कर. याहून सूक्ष्म प्रश्न आहे तो प्लाझ्मातील अतिनील किरणांचा. ते नॅनोमीटरांच्या मर्यादेत राहत नाहीत, अधिक खोल जातात, आणि रेशमातील टायरोसीन व ट्रिप्टोफॅन ही अम्ले त्यांना संवेदनशील आहेत. रेशीम उन्हात पिवळे पडते त्याचे एक कारण हेच. प्रक्रियेचा काळ काही मिनिटांचाच असल्याने ही मात्रा बहुधा नगण्य ठरावी. तथापि 'बहुधा' या शब्दावर विसंबून न राहता प्रक्रिया केलेल्या व न केलेल्या कापडाच्या जोड्या अंधारात व उजेडात ठेवून, त्यांचे बळ व पिवळेपणा ठरावीक वर्षांनी मोजण्याची योजना एखाद्या विभागाने हाती घ्यावी. तिला फार खर्च येणार नाही. लागेल ती नोंदवही, आणि ती वही एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे देणारे कोणी तरी. तुती व टसर ही दोन्ही रेशमे त्यात असावीत, आणि जोडीला शक्य झाल्यास कथिलाने भारलेल्या जुन्या कापडाचा एखादा नमुनाही.